घोड्यावरून गेलेली वाट

१० नोव्हें., म्हसवड
सांगलीहून दुपारी पोचले. लॅबमधून नऊ दिवस रजा. साहेबांनी विचारलं, केरळ का? म्हटलं, पाटण, चालत. हसले. हसू देत.
आईला सांगून टाकलं. आपली मेंढरं दर साली ज्या वाटेनं कोयनेच्या अंगाला जायची, ती पन्नाशीच्या आत एकदा माझ्या पायांनी चालायचीय. लहानपणी मी घोड्यावर, कोकरांबरोबर बांधलेली. आई भडकली. "आमी पोटापायी चाललो. हौस म्हणून कोण चालतंय गं?" नंतर अबोला. जेवायला मात्र गरम वाढलं.

११ नोव्हें., दहिवडी
नाथाच्या देवळात नारळ फोडून निघाले. आई दारात आली नाही. लय लागलं मनाला. त्या रागात एका दिवसात दहिवडी गाठली. टाचांना हे एवढे फोड. भोगा आता.

१२ नोव्हें., दहिवडीतच
पाऊल टेकवत नाही. दादाचा फोन. मागून आईचा आवाज, "सांग तिला, मेंढरू चरत चालतंय. त्याच्या फुडं मानसानं पळू न्हाई." माझ्याशी बोलली नाही ते नाहीच. पण ऐकत होती म्हणायची.

१४ नोव्हें., औंधच्या अलीकडं, एका वस्तीवर
चरत चालतेय. बोरीखाली बसायचं, पाणी प्यायचं, उठायचं. झेपतंय. ज्वारीच्या रानातल्या बाईनं विचारलं, मेंढरं कुठायत? न्हाईत म्हटलं. मग कशाला चालतीयास? मी तिच्या बांधावर टेकले. तिनं भाकरी दिली. अशा चालीनं पाटण रजेत होत नाही, दिसतंयच.

१६ नोव्हें., रहिमतपूर
आईचा फोन. स्वतःहून. आधी टाचांचं विचारलं. मग म्हणाली, "फुडं वढा लागंल. काठाला उंबर हाय. तुझ्या आधीची सगुणा तिथं हाय. तापानं गेली. सकाळी पुरली न् दुपारी आमी निघालो. मेंढरं थांबत न्हाईत, बाई."
मला बहीण होती. एकोणपन्नास वर्षांत कुणी...
"तिथं जरा बस," म्हणाली.

१७ नोव्हें., ओढा
सापडला. उंबर तीन. आईनं एकच सांगितलेला. रानातल्या आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, पुरानं काठ सरकलाय, जुनं झाड कुठलं कोण सांगणार. तिन्हींखाली थोडं थोडं बसले. रडले पण. रजेचा एकच दिवस उरलाय. आज एक पाऊल पुढं गेले नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.
आईला फोन लावला. पहिलंच विचारलं, "सावली हाय का तिला?"
म्हटलं, "हाय. लय हाय."
कुठल्या झाडाची, ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पाटणचं उद्या बघू.