अनिकाची अंबाडी

बीव्हरटन, ओरेगन
दि. २२ जून २०२५

ती. इलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. हे फोनवर सांगितलंच आहे, पण फोनवरचं बोलणं हे काय बोलणं? इकडे निमिष स्पीकर लावतो, तिकडे तुझी दीपा लावते, आणि आपण दोघी रेडिओवर मुलाखत दिल्यासारख्या बोलतो. घरच्या ग्रुपवर तर शिंकायचीही सोय नाही, लगेच अकोल्याहून वन्सं काढ्याची कृती पाठवतात. त्यापेक्षा आपलं पत्रच बरं. आता एकाच देशात आहोत, चार-पाच दिवसांत पोचतं म्हणे.

घर छान आहे. निमिष म्हणतो, ग्रीन कार्ड आलंय, तर आता कायमची इथेच राहा. मी परतीचं तिकीट काढूनच आले आहे, चार ऑक्टोबरचं. हे गेल्यापासून अकोल्याच्या घरात मी एकटी असते हे खरं, पण ते घर माझं आहे. तिथे डबे मी लावलेत. इथे मुलाच्या घरी पाहुणी म्हणून जन्म काढायचा नाही, एवढं मी ठरवून आले आहे. तोवर बघते, काय जमतं ते.

सून अनिका गुणी आहे, पण बोलत नाही गं फारसं. इथल्याच पार्सिपनी गावात वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. शाळेत चित्रकला शिकवते, सध्या सुट्टी आहे. मधूनच खोलीत अंधार करून दार लावून पडते. डोकं दुखतं, असं निमिष सांगतो. मी आल्यापासून दोनदा दुखलं. माझ्या येण्याचा आणि डोक्याचा संबंध नसेल असं धरून चालले आहे.

पण एक गोष्ट मात्र मनाला फार लागली, चांगल्या अर्थानं. मागच्या अंगणात उंच लाकडी कुंपण आहे, त्याच्या आत उन्हाच्या बाजूला चार मोठ्या कुंड्या, आणि त्यांत चक्क अंबाडी! गुडघ्याच्या वर गेली आहे. तेच कातरलेलं, बोटं पसरल्यासारखं पान. मला आवडते म्हणून पोरीनं न बोलता लावली असणार. निमिषला विचारलं, तर हो हो, तसंच काहीतरी, असं पुटपुटत तो गाडी धुवायला गेला. एक पान चावून पाहिलं. आंबट मुळीच नाही, कडवट आहे. इथल्या मातीचा गुण असेल. पुस्तकात दाबून एक पान सोबत पाठवते, बघून सांग. कण्या घालून भाजी करावी म्हणते.

जावईबापू प्रसन्नरावांना नमस्कार, दीपाला आशीर्वाद. माझ्यावर माया आहेच, ती पत्राच्या उत्तरात दिसू दे.

तुझी,
रत्ना

*

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
दि. ३० जून २०२५

चि. रत्नास,
अ. उ. आ.

भाजी केलीस का? केली नसशील तर करू नकोस. केली असशील तर आधी खुर्चीत बस, पाणी पी आणि मग पुढचं वाच.

तुझं पत्र आम्ही नाश्त्याच्या टेबलावर उघडलं. पान बाहेर पडलं आणि जावईबापू पोहे टाकून उभे राहिले. त्यांनी आधी खिडक्यांचे पडदे ओढले. औषधांच्या कंपनीत नोकरी करणारा माणूस, त्याला पान ओळखायला वेळ लागतो होय? रत्ना, ती अंबाडी नव्हे. तो गांजा आहे. गांजा! साताजन्माची अंबाडी खाल्लेली तू, आणि तुला फरक कळू नये?

तुमच्या ओरेगनात घरामागे चार झाडं लावायला परवानगी आहे, रस्त्यावरून दिसू नयेत एवढीच अट, असं प्रसन्नराव म्हणतात. आमच्याकडे मात्र मुळीच चालत नाही. आणि दिल्लीच्या, म्हणजे इथल्या दिल्लीतल्या केंद्र सरकारच्या कायद्यानं, कुठेच चालत नाही. पोस्ट हे त्या वरच्या सरकारचं. म्हणजे शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका असलेली तू, सरकारी पोस्टानं, मागे स्वतःचं नाव-पत्ता वळणदार अक्षरात लिहून, गांजाचं पान दुसऱ्या राज्यात पाठवलंस. प्रसन्नरावांनी ते कात्रीनं बारीक चिरून संडासात सोडलं आणि तीनदा पाणी ओढलं. तेव्हापासून पोस्टमन आला की ते जिन्यात जाऊन उभे राहतात.

हसू येतं, पण काळजीही वाटते. मुलगा आईला सरळ सांगत नाही, सून दार लावून बसते, हे काय चाललंय? आमची खालची खोली रिकामी आहे, बाजूला न्हाणीघर आहे, जिना चढावा लागत नाही. वाटेल तेव्हा ये.

आशीर्वाद भरपूर. पुढच्या पत्रात मात्र कागदाशिवाय काहीही पाठवू नये.

तुझी,
इलाताई

*

बीव्हरटन
दि. ३ ऑगस्ट २०२५

ती. इलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

प्रसन्नरावांना माझ्यातर्फे हात जोडून क्षमा माग. भाजी केली नव्हती. कण्या भिजत घातल्या होत्या, त्यांचा उपमा केला.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी निमिषला समोर बसवलं. चाळिशीचा घोडा, पण शाळेत कॉपी करताना सापडल्यासारखा लाल झाला. म्हणे, आई काय म्हणेल या भीतीनं जीभ रेटली नाही. मग सगळं बाहेर आलं. अनिकाला तेराव्या वर्षापासून अर्धशिशी आहे. साधी नव्हे, उजेड सहन होत नाही, आवाज सहन होत नाही, दोन-दोन दिवस पाणी पोटात ठरत नाही. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. दुकानात गांजाचं तयार तेल मिळतं, त्यानं गरगरतं. एका मैत्रिणीकडचं बियाणं तेवढं तिला मानवलं. ते ही चार झाडं. त्यांच्या तेलाचे थेंब जिभेखाली घेतले की दोन दिवसांचं दुखणं एका दुपारवर येतं.

मी म्हटलं, एवढंच ना? औषध ते औषध. महाशिवरात्रीला आपल्याकडे भांग घोटतात, तिला काय आपण परकी म्हणतो? मी सरळ अंगणात गेले आणि पदर खोचला. इलाताई, पुढचा आठवडा फार चांगला गेला. शेंडे खुडले की झाड फुटवे फोडून भरतं, हे मी तिला दाखवलं, तर तिला ते आधीच ठाऊक होतं. तिनं मला पेराशी बारीक कळी बघून नर-मादी ओळखायला शिकवलं. नर निघाला तर लगेच उपटायचा, नाहीतर सगळ्या फुलांत बी धरतं आणि औषध वाया. एक निघाला, तो आम्ही उपटला आणि तिनं राखून ठेवलेलं रोप तिथे लावलं. हे चालू असताना निमिष लांब उभा होता, आम्ही दोघी त्याच्याकडे बघून हसलो. सून माझ्याबरोबर पहिल्यांदा हसली.

आणि मीच त्यावर पाणी ओतलं. तिला आणखी हसवावं म्हणून मी पोस्टातल्या पानाची गंमत सांगितली. ती हसली नाही. पांढरी पडली. दुसऱ्या दिवशी झाडांभोवती तारेची जाळी आली, जाळीला दार आणि दाराला कुलूप. मला म्हणाली, आई, प्लीज, तिकडे जाऊ नका. का ते विचारलं, तर मान फिरवली. निमिषला विचारलं, तर तो पुन्हा गाडी धुवायला गेला. त्या गाडीचा रंग जायचा एक दिवस.

एक चूक झाली माझी, मान्य आहे. पण त्यासाठी कुलूप? मुलांनी शाईच्या बाटल्या फोडल्या तरी मी कपाटाला कुलूप लावलं नाही कधी. आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाडं बघते. माझ्या डोक्याच्या वर गेलीत. फुलं धरायला लागली आहेत, आणि अंगणभर वास असतो, चुरगळलेल्या झेंडूचा आणि कैरीच्या चिकाचा मिळून येईल तसा. ऊन उतरलं की तो घरात येतो. मला आता तो आवडायला लागलाय, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं.

तिकीट कपाटात आहे. अकोल्याच्या शेजाऱ्यांना पाण्याची टाकी धुवून ठेवायला सांगावं म्हणते.

माझ्यावर रागावू नकोस, आणि तिच्यावरही लगेच रागावू नकोस.

तुझी,
रत्ना

*

कॅरी
दि. १४ ऑगस्ट २०२५

चि. रत्नास,
अ. उ. आ.

रागावू नकोस म्हणालीस म्हणून दोन दिवस थांबून लिहिते आहे. राग गेला नाही.

ज्या घरात माझ्या बहिणीसमोर कुलूप लावतात, तिथे तिनं राहू नये. गुन्हेगार असलीस तर पानाची गुन्हेगार आहेस, आणि ते पान आमच्या संडासातून केव्हाच समुद्राला मिळालं. अकोल्याला परत जाऊन एकटी भिंतींशी बोलणार आहेस का? चार ऑक्टोबरचं तिकीट बदल आणि इकडे ये. खरं सांगू? यात माझाही स्वार्थ आहे. दीपा आणि प्रसन्नराव नोकरीवर जातात, संध्याकाळी थकून येतात. दिवसभर मला ताई म्हणून हाक मारणारं कुणी नाही. दोघी मिळून पापड लाटू, भांडू, झोपू.

एवढंच. काय ठरवतेस ते लवकर कळव. आशीर्वाद नेहमीचेच, फक्त या वेळी थोडे जास्त.

तुझी,
इलाताई

*

बीव्हरटन
दि. २७ सप्टेंबर २०२५

ती. इलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला फार उशीर केला. तुझं पत्र उशाशी घेऊन झोपत होते आणि रोज सकाळी ठरवत होते, की आज तिकीट बदलून कॅरीचं घ्यायचं. परवापर्यंत. परवा जे झालं ते नीट सांगते, वाचून झालं की हे पत्र फाड. चिरलंस तरी चालेल, प्रसन्नरावांना सराव आहे.

परवा दुपारी इथे धो धो पाऊस आला. या दिवसांत फुलं तयार होत आलेली असतात, एकेक टपोरं, कणसासारखं भरलेलं. आत पाणी शिरलं की मधोमध बुरशी धरते आणि वर्षाचं औषध दोन दिवसांत कुजतं. हे सगळं अनिकानंच मला त्या चांगल्या आठवड्यात सांगितलं होतं. ती शाळेत होती. मी खिडकीत उभी. दहा मिनिटं मी स्वतःला सांगितलं, रत्ना, तुझा काय संबंध, तिकडे कुलूप आहे. फांद्या ओझ्यानं वाकायला लागल्या, तेव्हा मी निमिषला मीटिंगमधून उठवलं.

त्याच्याकडे किल्ली होती. निळी ताडपत्री होती. अक्कल तेवढी नव्हती. पोरगं ताडपत्रीचं टोक धरून वाऱ्याबरोबर अंगणभर फिरायला लागलं. शेवटी मी गेले. माझ्या परकरांच्या नाड्या ओढून काढल्या, कुंपणाच्या चार खांबांना चार टोकं बांधली, आणि जे झाड आडवं झालं होतं ते छातीशी धरून उभी राहिले. नखशिखांत भिजले होते. तेवढ्यात अनिकाची गाडी आली.

ती धावत आली आणि ओरडली. माझ्यावर. आत जा, हात लावू नका, आधी सोडा ते. मराठीत ओरडली. माझा बांध फुटला. मीही सुनावलं, की बाई, तुझं झाड वाचवतेय, चोरत नाही, आणि काळजी करू नकोस, चार तारखेला मी चाललेच आहे. असं म्हटल्यावर ती चिखलात खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली.

इलाताई, ते कुलूप झाडांना माझ्यापासून वाचवायला नव्हतं. मला झाडांपासून वाचवायला होतं. पानाची गोष्ट ऐकून ती दुसऱ्याच दिवशी वकिलाकडे गेली होती. अनिका इथलीच आणि निमिष आता इथला नागरिक झालाय, त्यांना घोर नाही. माझं ग्रीन कार्ड नवीन आहे. माझ्यासारखीनं अशा झाडाला पाणी जरी घातलं, तरी पुढेमागे विमानतळावर एखाद्या अधिकाऱ्यानं विचारलं तर तेवढ्यावरून परत पाठवू शकतात, असं वकिलानं सांगितलं. आईंना जितकं कमी माहीत तितकं बरं, असंही तो म्हणाला. म्हणून तिनं तोंड बंद ठेवलं आणि नवऱ्यालाही ठेवायला लावलं. तिनं मला सांगितलं, की मला खोटं बोलता येत नाही हे तिला कळलं होतं. म्हणून खोटं बोलायची वेळच माझ्यावर येऊ द्यायची नाही, असं तिनं ठरवलं.

मग ती म्हणाली, की हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती झाडं लावणारच नव्हती, म्हणजे मी बिनघोर राहू शकेन. मी म्हटलं, वेडी आहेस का, आणि तुझ्या डोक्याचं काय? तर म्हणाली, डोकं तेराव्या वर्षापासून दुखतंय, दुखेल. आणि पुढे तिनं जे सांगितलं ते ऐकून मला भिजल्याची थंडी वाजायची थांबली. तिचं डोकं दुखतं त्या दिवशी या घरात कुकरची शिट्टी होत नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. मी वरण उघड्या पातेल्यात शिजवते, फोडणी करत नाही, पोळपाटाखाली फडकं घालते, भांडी दुसऱ्या दिवशी घासते. बंद दाराआड ती ते ऐकत पडलेली असायची, म्हणजे ऐकू येत नाही हे ऐकत. ती म्हणाली, की तिच्या स्वतःच्या आईलाही हे कधी सुचलं नव्हतं.

मी हे तुला कधी लिहिलं नाही, कारण यात लिहिण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. घरात कुणी आजारी असलं की आपण असंच वागतो.

झाडांचं म्हणशील तर तीन वाचली, एकाचं अर्धं गेलं. फुलांवरचे पांढरे केस तांबूस झालेत, म्हणजे ती तयार झाली, म्हणून अनिकानं काल कापणी केली. फांद्या माळ्यावर अंधारात उलट्या टांगल्या आहेत. मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही. पुढच्या वर्षी झाडं शेजारच्या डोरीनच्या अंगणात लागणार. ती इथेच जन्मलेली, संधिवातानं हैराण, एका पायावर तयार झाली. म्हणाली, अर्धं पीक तिचं. अनिका रोज कुंपण ओलांडून जाईल आणि मी आमच्या बाजूला कोथिंबीर लावून मुकाट बसेन. मुकाट बसणं मला जमेल का, यावर निमिषनं शंका काढली, त्याला गाडी धुवायला पाठवलं.

आज सकाळी अनिकाचं डोकं दुखत होतं. कालच्या श्रमानं असेल. अंधार केला, पण दार लावलं नाही. थोड्या वेळानं आतून हाक आली, आई, जरा बसता का? मी गेले. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, आणि ती जागी होईपर्यंत मी हललेच नाही. पाय बधिर झाले. मग बाहेर येऊन, कुणालाही न विचारता, मी स्वतः विमान कंपनीला फोन लावला, माझ्या मुख्याध्यापिकेच्या इंग्रजीत तिकीट कॅन्सल केलं आणि वरण उघड्या पातेल्यात चढवलं.

तू हिरमुसशील, हे मला माहीत आहे. डिसेंबरात महिनाभर तुझ्याकडे येते, पापड लाटू आणि भांडू. फक्त महिनाभर हं. त्यानंतर मला घरी यायचं आहे.

तुझी माया आहे तेवढी राहू दे, आणि तिच्यातली थोडी आता अनिकाच्याही वाट्याला येऊ दे.

तुझी,
रत्ना