सातवा शिक्का आणि रजेचा अर्ज

२ तारीख, रविवार
आजपासून रोजनिशी. जगाचा शेवट जवळ येत असताना कोणीतरी शांत डोक्याने नोंद ठेवायला हवी, आणि आमच्या चर्चच्या मंडळीत शांत डोकं म्हणजे मीच. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी गुरुवारच्या बायबल स्टडीत प्रकटीकरण, म्हणजे बायबलमधलं जगाच्या शेवटाचं पुस्तक, शिकवायचं काम माझ्यावर टाकलं. म्हणाले, वजनमापे खात्यातला माणूस, नेमकं बोलाल. खरं आहे. इतकी वर्षं दुकानदारांचे काटे तपासून शिक्के मारतोय. स्वर्गात शिक्के फुटायला लागले तर मला नाही कळणार तर कोणाला?
सात शिक्के, सात कर्णे, क्रोधाच्या सात वाट्या, असा शेवटाच्या खुणांचा मोठा तक्ता करून भिंतीवर लावला. माझ्या हिशेबाने शेवटाला अजून बारा वर्षं आहेत. तोवर पेन्शन सुरू झालेली असेल. निश्चिंत.

४ तारीख, मंगळवार
बायकोच्या गळ्यात गाठ आहे. चर्चच्या कॉयरमध्ये गाताना वरचा सूर लावताना अडतंय म्हणून डॉक्टरकडे गेली तर हे निघालं. सर्जनबाईंनी चौदा तारीख दिली. काढून तपासल्याशिवाय काय आहे ते सांगता येणार नाही म्हणाल्या. आवाजाचंही नक्की सांगता येत नाही.
बायको म्हणाली, जरा हात लावून बघा, वाढल्यासारखी वाटते का. मी म्हणालो, हे एक्सपर्टचं काम. पाच ग्रॅमची लबाडी मी नुसत्या हाताने ओळखतो, पण ते लोखंड असतं.
घाबरलेलो नाही. जेवण गेलं नाही, ते पित्तामुळे.

६ तारीख, गुरुवार
हिशेबात चूक सापडली! बारा वर्षं नाहीत. शेवट याच महिन्यात, तेरा तारखेला. पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं. तेरा म्हणजे चौदाच्या आधी. म्हणजे ऑपरेशनची गरजच नाही. किती हलकं वाटलं.
संध्याकाळी क्लासमध्ये जाहीर केलं. पाळकसाहेबांनी खाकरून आठवण दिली की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, असं खुद्द प्रभूंनी सांगितलंय. मी नम्रपणे म्हणालो, घटका मी सांगितलेलीच नाही.

७ तारीख, शुक्रवार
ऑफिसात साहेबांनी आपणहून सांगितलं, मिसेसच्या ऑपरेशनसाठी रजा हवी असेल तर अर्ज टाकून ठेवा. म्हणालो, लागणार नाही. माझ्याकडे बघतच राहिले. श्रद्धेने चकित झाले असावेत.
घरी बायको बॅग भरत होती. नाइटी, टॉवेल, फोनचा चार्जर. कशाला हा खटाटोप, म्हणून विचारलं. म्हणाली, जग बुडालं तरी टॉवेल लागेलच की. बाईमाणसाला गांभीर्य नाही.

९ तारीख, रविवार
मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. फ्रिज दुरुस्त करतो. चर्चला नाताळात येतो, तेही फोटोपुरता. शास्त्रात अशांना कोमट म्हटलंय. उष्ण नाही, शीत नाही, तोंडातून ओकून टाकण्याजोगा. त्याने आल्या आल्या बहिणीला विचारलं, ताई, दुखतंय का? आणि सरळ तिच्या मानेला हात लावून बघितलं. कोमट लोकांना कशाची भीतीच नसते.
मी उठून तक्त्याकडे गेलो. चौथ्या शिक्क्याजवळ बराच वेळ उभा होतो. तिथे फिकट घोड्यावर मृत्यू आहे. त्याच्यावर कॅलेंडर लटकवलं.
संकल्प: उद्यापासून अजिबात घाबरायचं नाही. म्हणजे आजही घाबरलेलो नाहीच.

११ तारीख, मंगळवार
भाजीबाजारात ड्यूटी. एका काट्यावर टोमॅटो बरोब्बर सहाशे सहासष्ट ग्रॅम भरले. प्रकटीकरणातल्या सैतानी श्वापदाचा आकडा! मी किंचाळलो. दुकानदाराला वाटलं कमी भरले म्हणून ओरडतोय. त्याने घाईघाईने आणखी एक टोमॅटो टाकला. धोका टळला.

१३ तारीख, गुरुवार
दुपारी हॉस्पिटलचा फोन. भूल देणारे डॉक्टर आजारी, ऑपरेशन एकवीसला.
तक्ता पुन्हा तपासला. वाट्या मोजताना एक वाटी दोनदा धरली गेली होती. कामाच्या ताणात होतं असं. शेवट वीस तारखेला.
क्लासमध्ये सुधारणा जाहीर केली. बहिणीला घ्यायला आलेला मेव्हणा मागच्या बाकावर बसला होता. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, दाजी, देव काय डॉक्टरीणबाईंची अपॉइंटमेंट बघून तारीख ठरवतो का? सगळे खो खो हसले. पाळकसाहेबसुद्धा, खोकल्याच्या आडून.
बायको हसली नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, का ते कळलं नाही.

२० तारीख, गुरुवार. सकाळी
पांढरा शर्ट इस्त्री करून घातला. तयार आहे. कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी टेबलाखाली होतो. पेन पडलं होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
अद्याप काही नाही. देवाला एक दिवस हजार वर्षांसारखा असतो, हे मी हिशेबात धरायला हवं होतं. क्लासला गेलो नाही, पोट बिघडलं. बायकोने विचारलं, उद्या याल ना? म्हणालो, अजून आजचा दिवस संपलेला नाही. तिने बॅगेची चेन लावली.

२१ तारीख, शुक्रवार. सकाळी
जग आहे. साहेबांना रजेसाठी फोन केला. म्हणाले, अर्ज नाही, काही नाही, आणि आज बाजाराची तपासणी तुमच्याच नावावर लागली आहे, आता ऐन वेळी माणूस कुठून आणू?
बायको मेव्हण्याच्या व्हॅनमधून गेली. मागे कोणाचा तरी फ्रिज होता. जाताना म्हणाली, डबा ओट्यावर ठेवलाय, विसरू नका. मी हात हलवला. व्हॅन वळून गेल्यावरही हलवत होतो.

त्याच दिवशी, दुपारी
धान्यबाजारात होतो. अचानक वीज गेली. सगळे इलेक्ट्रॉनिक काटे एकदम काळे. पंखे बंद, चक्की बंद, माणसंही गप्प. सातवा शिक्का फुटल्यावर स्वर्गात अर्धा तास अशीच शांतता होते. आणि बायको आत्ता ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेली असणार, गळा उघडा टाकून. मी नाही तिथे. गव्हाच्या पोत्यांमध्ये गुडघे टेकले. जग बुडव, पण तिला नको, असं काहीतरी पुटपुटलो. शास्त्राला धरून नव्हतं.
दुकानदाराला वाटलं, मी वाकून काट्याखाली बघतोय. तो पांढराफटक पडला. स्वतःच खाली हात घालून चिकटवलेला लोखंडाचा तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, साहेब, पोराबाळांचा विचार करा. मी रडत होतो, तेव्हा तोही रडायला लागला.
वीज आली. मी तुकडा तसाच टाकून निघालो. डबा बाजारातच राहिला. रजा, परवानगी, काही नाही. साहेबांना काय सांगायचं ते ठरवलेलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
हॉस्पिटलच्या दारावर वॉचमनने अडवलं. पेशंटमागे एकच पास, आणि तो भावाने घेतलाय म्हणाला. मी नवरा आहे असं सांगितलं. म्हणाला, सकाळपासून कुठे होतात? मी गुरुवारच्या क्लासमध्ये किती जणांना सांगितलंय की शेवटच्या दिवशी स्वर्गाचं दार बंद होईल आणि काही लोक बाहेर राहतील. बाहेरच्यांत मी कधी स्वतःला धरलं नव्हतं.
बाहेर कट्ट्यावर बसलो. मेव्हणा खाली आला. एक अक्षर टोचून बोलला नाही. पास माझ्या हातात दिला, म्हणाला, दाजी, जा, तिने दोनदा विचारलं.
ती जागी होती. गळ्याला पट्टी. आवाज घोगरा, पण होता. गाठ तपासायला पाठवलीय, रिपोर्ट पुढच्या शुक्रवारी. तिने विचारलं, आता कधीची तारीख? म्हणालो, माहीत नाही. खरंच काही माहीत नाही. मग तिने विचारलं, घाबरलात का? मी हो म्हणालो. चार तारखेपासून घाबरलोय म्हणालो.
ती म्हणाली, मीपण. मग शुक्रवारपर्यंत इथेच बसा.
मी खुर्ची ओढून खाटेच्या कठड्याला धरून बसलो. थोड्या वेळाने तिने डोळे न उघडता सांगितलं, अहो, हात काढा, खाट हलतेय. हात काढला. मग खुर्ची हलायला लागली.