चाक फिरवण्याचा हक्क सोडून बाकी सर्व

मी, खाली सही करणारा, धंदा कात्र्या-सुऱ्यांना धार लावणे, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी फुप्फुसे निकामी होत चालली आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणा माणसाचे दडपण नाही. आहे ते मीच एकदा लिहिलेल्या एका कलमाचे.

१. माझे दुमजली घर, खाली कारखाना व वर राहत्या दोन खोल्या, मी माझ्या एकुलत्या मुलीस देतो.

२. धारेचे मोठे चाक, त्याची मोटर आणि सर्व हत्यारेही तिलाच. गेली अकरा वर्षे चाकावर तीच बसते. शिंप्याची कात्री ती कानांनी तपासते. हवेत एकदा उघडझाप करते, आवाज पटला तर बाजूला ठेवते, नाही तर पुन्हा चाकाला लावते. मला हे कधी साधले नाही. मी गिऱ्हाइकांशी बोलत बसायचो.

३. चार कपाटे पुस्तके वाचनालयास. नगररचनेच्या पुस्तकांत मी समासात जे लिहिले आहे ते खोडू नये. माणूस किती खात्रीने चुकतो, ते पुढच्या वाचणाऱ्याला दिसू द्यावे.

४. बावीस वर्षांपूर्वी मागच्या गल्लीत रंगाचा कारखाना आला आणि घराघरांतली मुले खोकू लागली. दुकाने आणि घरे एकत्र असलेल्या आमच्या भागात कोणते धंदे चालू द्यावेत, यावर जाहीर सुनावणी झाली. मी सव्वा तास बोललो. दुकान चालेल, दवाखाना चालेल, शिवणकाम चालेल. यंत्राने घासण्या-कापण्याचा किंवा रंगवण्याचा धंदा घरांखाली चालणार नाही, असा नियम झाला. रंगाचा कारखाना गेला. ते योग्यच झाले, आजही मी त्याच बाजूने उभा राहीन.

मग आमच्यासारख्या जुन्या कारखान्यांचे काय, असा प्रश्न निघाला. मसुदा मीच दिला: 'सध्याचा परवानाधारक हयात असेपर्यंत, आणि केवळ त्याच्याच नावे, धंदा चालू राहील.' शेजारचा पत्रेवाला उठून म्हणाला, "आणि तो गेल्यावर? पोरांनी काय करायचं?" मी म्हणालो, "पत्रेवाले, तुम्हाला मरायची एवढी घाई का?" सभागृह खो खो हसले. तो माझ्याशी पुन्हा बोलला नाही, आणि मीही अढी धरून बसलो. गेल्या वर्षी तो गेला. दहा दिवसांत त्याच्या कारखान्याला सील लागले. लोकांच्या वस्तू चार महिने आत अडकून पडल्या. त्याचा मुलगा आता तिथे मोबाइलची कव्हरे विकतो. विकणे नियमात बसते.

त्या भाषणाबद्दल मला मिळालेले चांदीचे पदक या मुलास द्यावे. त्याने ते मोडीत घातले तरी माझी हरकत नाही. त्याच्या बापाचा प्रश्न बरोबर होता.

५. मुलीचे नाव परवान्यावर चढवावे म्हणून मी नगररचना कार्यालयात सहा खेटे घातले. भागीदार म्हणून जमले नाही, वारस म्हणूनही नाही. शेवटच्या खेपेस तिथल्या कारकूनबाईंनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "काका, मी सगळं उलटंपालटं करून पाहिलं. पण हे कलम ज्यानं कुणी लिहिलंय ना, त्यानं सुई शिरेल एवढीसुद्धा फट ठेवली नाहीये."

"मीच तो," मी म्हणालो.

त्यांनी फाइल मिटली आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला. सव्वा तास बोलणारा मी चहा संपवून घरी आलो.

६. सबब, मी चाक देतो. ते फिरवण्याचा हक्क मला देता येत नाही. वकीलबाई म्हणाल्या, हे कलम गाळा, कायद्यात याला अर्थ नाही. मी ते ठेवले आहे. मुलगी म्हणाली, "बाबा, मोटर मला देताय आणि बटण स्वतःबरोबर नेताय." चिडून म्हणाली असती तर बरे झाले असते. माझ्यामागे तिला 'कात्र्या विकायचं दुकान टाक' असा सल्ला द्यायला जो येईल, त्याला पायरीवरूनच वाटेला लावावे.

७. हल्ली गिऱ्हाईक आले की पावतीवर परतीची तारीख घालण्याआधी ती जिना चढून वर येते आणि माझा चेहरा बघून जाते. शिवणकारखान्याच्या चाळीस कात्र्या तिने गेल्या आठवड्यात हात न लावता परत पाठवल्या. मुदत पंधरा दिवसांची होती. आज साक्षीला आलेल्या शिंपीणबाई आपली कात्री खाली ठेवूनच वर आल्या. मुलीने दारातून विचारले, "बाबा, कधीची तारीख घालू?"

मी म्हणालो, "परवाची घाल."

तिने माझ्याकडे पाहिले आणि उद्याची घातली.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो खरा आहे.

सही : धारवाला

साक्षीदार :
१. शिंपीणबाई, कोपऱ्यावरचे दुकान (सही)
२. डॉक्टरीणबाई, समोरचा दवाखाना (सही)

ठिकाण : कारखान्यावरची खोली
तारीख : १४ मार्च