साहेब 'टीच' करणार आहेत

कोपरीगाव, वाशी
१२ जून १९७९

ती. पुतळाताईस,
धाकट्या नामदेवचा शि. सा. न. वि. वि.

घरी सगळे बरे. आईने तुझ्यासाठी सोडे सुकवून ठेवलेत.

तू पेणच्या शाळेत इंग्रजी शिकवतेस म्हणून विचारतो. परवा तुर्भ्याला आमच्या कारखान्यात पोपटची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. मी शेजारीच होतो. काम भरभर व्हावं म्हणून, हात आत जाऊ नये यासाठी असलेली प्रेसची जाळी मॅनेजरसाहेबांनीच काढायला लावली होती. काल ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, ते मला 'टीच' करतील. टीच म्हणजे शिकवणे ना? माझ्याबरोबर प्रेसवर असतो तो सदू म्हणतो, ही धमकी आहे. नीट अर्थ कळव.

तुझा,
नामदेव

पेण, १७ जून

चि. नामदेव यास अ. उ. आ.

टीच म्हणजे शिकवणेच. फार जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'दाखवणे' होता. पुढे कामाचं नाव आलं, तर ते काम शिकवणार. पण दात आवळून नुसतं 'आय विल टीच यू' म्हटलं, तर तुला धडा शिकवतो, असं. (भूतकाळी 'टॉट'. 'टीच्ड' लिहून तू छड्या खाल्ल्या होत्यास!) साहेब कसे बोलले ते लिही. कुठे सही करू नकोस.

पुतळाताई

कोपरीगाव, २३ जून

ती. ताईस शि. सा. न.

गोड बोलले. केबिनमध्ये चहा पाजला आणि पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, की जाळी पोपटनेच काढली. चौकशीला अधिकारी आला की हेच सांगायचं. मग मला सुपरवायझर करणार. सदूही तेच बोलतो, शब्द न् शब्द. म्हणजे मला आधी घाबरवायला त्याला कुणी सांगितलं होतं? हा अर्थ तू लिहिला नव्हतास.

नामदेव

पेण, २८ जून

चि. नामदेव यास आशीर्वाद.

याला आपण पढवणे म्हणतो. तुझ्या पगारावर घरची चूल पेटते, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी तुला काही शिकवत नाही. पण रात्रभर झोप नाही.

ताई

कोपरीगाव, १५ जुलै

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

जे पाहिलं ते अधिकाऱ्याला सांगितलं. साहेब समोरच उभे होते. पोपटला भरपाई मिळणार. मला प्रेसवरून काढून ट्रक भरायला लावलंय. सदू डबा घेऊन लांब बसतो.

काल पोपट जेवायला आला होता. आईने कालवणातले काटे काढून त्याच्या ताटात मासा ठेवला. तो हसून म्हणाला, ताईला लिही, तीन बोटांनीही घास मोडता येतो. मग आईच रडली.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
नामदेव