एका तासाचं काम

मंगळवार, संध्याकाळ. अनगोळची खोली.

थोरल्या आक्काची उजव्या हाताची दोन बोटं आज सकाळी गावी, बेळगुंदीत, वैरण कापताना कडबाकुट्टीत तुटली. हात पात्याजवळ गेला की मशीन आपोआप बंद व्हावं, म्हणून मी कॉलेज सांभाळून सेन्सर बनवतोय. रविवारी गावी तो पहिल्यांदा नीट चालला. फक्त आक्कानं बघितलं.

"मग बसवूनच जा की रं," ती म्हणाली.

"परीक्षा झाल्यावर," मी म्हटलं.

एका तासाचं काम होतं. खरंच परीक्षा होती, की आळस? उजवा हात. शिवणकाम त्याच हातानं करते ती. एक तास फक्त.

दवाखान्यात आप्पांनी विचारलं, "तुझं ते यंत्र चालत होतं न्हवं?"

"न्हाय," मी म्हणालो.

खाटेवर आक्का जागी होती. माझ्याकडं बघत आप्पांना म्हणाली, "चालतच न्हवतं ते, आप्पा."