बाटलीच्या गळ्यातला लाल दोरा

केच्केमेत, ९ सप्टेंबर

प्रिय एतेल्का,

आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट तसंच चुलीत टाकू नकोस. आधी वाच, मग टाक. ग्योरला थंडी लवकर पडते म्हणतात, छाती सांभाळ.

इकडे बरं आहे. बाबांचे गुडघे धरलेत, तरी रोज माझ्याबरोबर बाजारात येतात आणि टपरीत स्टुलावर बसून माझ्या तळलेल्या लांगोशला नावं ठेवतात. "पीठ फुगलंय कुठे, बोरी? तुझ्या आईनं हे कुत्र्यालासुद्धा घातलं नसतं." गिऱ्हाईक मात्र तेच लसणाचं पाणी नि आंबट साय लावून, बोटं चाटत खातं. यंदा जर्दाळू उदंड आले. बाबांनी त्यांची दारू, आपली पालिंका, गाळून आणली, पहिली विषारी धार नेहमीसारखी वेगळी काढून गुडघ्यांना चोळायला ठेवली. ती बाटली टपरीतच असते, गळ्यात लाल दोरा बांधलेली. ती पोटात गेली की काय होतं ते तुला मी काय सांगायचं.

आता कालचं सांगते.

काल दुपारी पर्यटकांना गाव दाखवणारी एक मुलगी पाच पाहुण्यांना घेऊन आली. "मावशी, यांना आपल्याकडचं खरंखुरं काहीतरी चाखवा." मी लांगोश तळून दिले. शेजारच्या वेंडेलकाकांनी साखर लावून निखाऱ्यावर भाजलेली पावाची पोकळ नळी पुढे केली. पालिंका आपण विकत नाही, पण परक्याला घोटभर पाजल्याशिवाय बाबा सोडतात थोडेच? मी फळीखालून बाटली काढली, पाच पेले भरले. एका म्हाताऱ्या बाईंनी पेला ओठांपर्यंत नेला, तोच बाबा उठले. एरवी उठायला त्यांना माझा खांदा लागतो. त्यांनी बाईंच्या हातावर फटका मारला. पेला फरशीवर फुटला.

"नाक आहे की नाही तुला? चोळायची आहे ती."

"दोरा नव्हता, बाबा."

"सकाळी मी स्वतः बांधलाय."

दोरा पिठाच्या पोत्याला होता. सकाळी पोत्याची सुतळी तुटली, तेव्हा हाताला लागलं ते मी ओढून बांधलं. देवाशपथ, मला आठवतसुद्धा नव्हतं. पाहुणे निघून गेले. बाबांनी पोत्याचा दोरा बोटांत धरून पाहिला. मग हळूच म्हणाले, "एतेल्काही हेच म्हणत होती. दोरा नव्हता."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तुझ्या लग्नाच्या सकाळी मार्टोनकडची मंडळी तुला न्यायला दारात आली. मानाचा पहिला पेला त्याच्या वडिलांचा. तू कोठीतून बाटली आणलीस, त्यांनी रीतीप्रमाणे एका दमात एकामागून एक तीन पेले रिचवले, आणि तासाभरात अंगणात कोसळले. ते वाचले, पण वरात फिरली. त्यांची बायको तुला विषारी म्हणाली, आणि मार्टोन मान खाली घालून त्यांच्यामागे गेला. बाबा तुला म्हणाले, "आंधळी आहेस का? एवढा लाल दोरा दिसला नाही?" तू घसा कोरडा होईतो सांगत राहिलीस. मी शेजारीच उभी होते.

काल बाबांनी मला विचारलं, "तेव्हाही तूच सोडला होतास?" मी म्हटलं, आठवत नाही.

एतेल्का, मला आठवतं. त्या सकाळी पाहुण्यांच्या कोटांना लावायला मी रोझमेरीच्या काड्या बांधत होते. फीत संपली. शेवटची काडी मी कोठीतल्या एका बाटलीचा दोरा सोडून बांधली. ती व्याह्यांच्या वाट्याला आली. त्यांना उचलून गाडीत घालताना तो लाल दोरा त्यांच्या छातीवर होता, माझ्या डोळ्यांसमोर. मी तेव्हाच ओळखला. गाडीचं दार लावण्याआधी मी ती काडी ओढून काढली आणि मुठीत धरली. तू रडत होतीस तेव्हा ती माझ्या मुठीतच होती. आधी भीती वाटली, मग तू घर सोडलंस, मग उशीर झाला असं मी स्वतःला सांगत राहिले. मी इतकी नीच असेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

आज सकाळी टपरी उघडताना बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हात उगारतील. ते टोपी काढून स्टुलावर बसले. आज दिवसभर त्यांनी माझ्या लांगोशला एकदाही नावं ठेवली नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, "तिला लिही. मी कोणत्या तोंडानं लिहू?"

मार्टोनच्या आईला उद्या जाऊन भेटणार आहे. ती दार लावून घेईल, तरी बाहेरून सांगेन.

काडीचा कधीच चुरा झाला. दोरा जपून ठेवला होता, तो पाकिटात आहे. लोकांना दाखव, जाळून टाक, तुझी मर्जी.

पूर्वी खाली 'तुझी ताई' असं लिहायचे. ते आता तू म्हणशील तेव्हाच.

बोर्बाला