ज्याने उघडला त्यानेच मिटवावा

ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू रागावून लेकीकडे गेलास त्याला आज तीन आठवडे झाले. पोचल्याचं पत्र नाही. फोन केला की तुझी लेक सांगते, बाबा बाल्कनीत आहेत. तीन आठवडे माणूस बाल्कनीत काय करतो, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

इथली हकिगत अशी की तुझा चाकू आमच्या जेवणाच्या टेबलावर अजून उघडाच आहे. त्या रविवारी आपल्या चाकू-मंडळाच्या बैठकीत तू तो खिशातून काढलास, उघडलास आणि मधोमध ठेवलास. दातांचे डॉक्टर म्हणाले की मूठ शिंगाची नाही, प्लॅस्टिकची आहे. तू चप्पल घालून चालता झालास. तेव्हापासून त्याला कोणी हात लावलेला नाही. लावणार कसा? नियम तुझाच. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, त्याच हाताने ही एक फुकटात रंगवून आमच्या भिंतीवर ठोकलीस: ज्याने उघडला त्यानेच मिटवावा, दुसऱ्याने मिटवला तर मैत्री तुटते. खाली वेलबुट्टीसुद्धा काढलीस. बारा वर्षं आम्हाला ती गंमत वाटायची. महिन्यातून एकदा चार-पाच माणसं जमायची, कोणीतरी आपला चाकू उघडून ठेवायचा, सगळे तो हाताळायचे, मग मालक तो मिटवून दुसऱ्याच्या खिशात घालायचा आणि महिनाभर त्या चाकूने दुसऱ्याच्या पेन्सिली तासल्या जायच्या. आता गंमत संपली आणि नियम तेवढा उरला.

मी म्हटलं, मिटवत नाही, उघडाच उचलून कपाटावर ठेवते. ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला आणि मला विचारलं की जागेवरून हलवणं हे मिटवण्याच्या दिशेने पहिलं पाऊल नाही का. बाई इतक्या शांतपणे बोलल्या की मी हात मागे घेतला.

तेव्हा आता सासूबाई पलंगावर जेवतात. हे खिडकीपाशी उभे राहून जेवतात आणि सासरी लग्नाला गेल्यासारखं वाटतं म्हणतात. मी पडद्यांचं कापड जमिनीवर बसून कापते आणि उठताना भिंतीला धरते. चाकूवर मी फळं झाकायची जाळी ठेवली आहे. परवा शेजारीण आली, तिने विचारलं की जाळीखाली काय झाकलंय. सासूबाई म्हणाल्या, सुनेच्या भावाचा स्वभाव.

दादा, बारा वर्षांत तू हा एकच चाकू कोणाला दिला नव्हतास. त्या दिवशी तो आपणहून बाहेर काढलास आणि पाच मिनिटांत निघूनही गेलास. मला काही ते पटत नाही. ये आणि मिटव. तुझा लोभ आहेच, पण सध्या तो पाठीत दुखतो.

तुझी,
चिमी


ता. १७ फेब्रुवारी

चि. सौ. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र टाइप केलं आहे. जावयांचं जुनं यंत्र इथे धूळ खात पडलं होतं. वापरात नसलेल्या वस्तूंबद्दल मला काय वाटतं ते तुला ठाऊक आहे.

माझी प्रकृती उत्तम आहे. बाल्कनीही उत्तम आहे.

मूठ शिंगाची आहे. तीस वर्षांपूर्वी ज्या कारागिराकडून मी तो चाकू घेतला, तो दुकानात बसून माझ्यासमोर शिंग घासत होता. आता ते शिंग याच चाकूचं होतं का, असं डॉक्टर विचारतील. त्यांना विचारू दे. आपला शब्द ते मागे घेईपर्यंत मी त्या टेबलापाशी येणार नाही. पुरावा असेल तर दाखवावा.

सासूबाईंना नमस्कार. त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलेलं नाही. पात्याला आठवड्यातून एकदा तेलाचा एक थेंब पडला पाहिजे, नाहीतर बिजागरी धरेल. थेंब वरून सोडावा, स्पर्श होऊ नये.

माया करीत जावी, तीही जरा लांबून.

दादा


ता. २ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मला वाटलं बँकेचंच आलं. सहीसुद्धा यंत्राने केलीस. तुझ्या पत्राचा पत्ता पाहून आमचा पोस्टमन दारात दोन मिनिटं थांबायचा, अक्षर वाया जायला नको म्हणून. या वेळी त्याने ते दाराखालून सरकवलं.

तेल घालतो आहोत. छत्रीवाल्यांनी औषधाचा ड्रॉपर आणला आहे. ते खुर्चीवर चढतात, श्वास रोखतात आणि घड्याळजी खालून डावं-उजवं सांगतात. मी शेजारून आमटी नेत होते, पहिला थेंब तिच्यात पडला.

तू पुरावा मागितलास, तो घ्यायला गेल्या रविवारी मंडळ दवाखान्यात जाऊन आलं. मुठीचा एक्सरे काढायचा असं ठरलं, पण चाकू जागेवरून हलवायचा नाही. तेव्हा घड्याळजींनी तोडगा काढला की चाकूची जागा म्हणजे टेबल, आणि टेबल हलवू नये असं पाटीवर कुठेच लिहिलेलं नाही. झालं. हे, डॉक्टर, छत्रीवाले आणि घड्याळजी असे चौघे चार पायांना लागले. दोन जिने उतरून टेबल रस्त्यावर आलं. पुढे ग्रंथपालबाई चालत होत्या आणि लोकांना बाजूला व्हायला सांगत होत्या. मी छत्री धरून शेजारून चालले, कारण छत्रीवाल्यांचं म्हणणं पडलं की उन्हात पातं तापतं. चौकात एका गृहस्थांनी टोपी काढली. कोण गेलं, असं त्यांनी हळूच विचारलं. ह्यांनी सांगितलं की रागावून गेलेत, येतील.

दवाखान्यात सहा जण दात धरून बसले होते. डॉक्टर घामाघूम होऊन टेबलाचा पाय धरून आत शिरताहेत आणि टेबलावर उघडा चाकू आहे, हे पाहिल्यावर चौघे उठून घरी गेले. पाचव्याचं दुखायचं थांबलं. सहाव्या आजींना कमी ऐकू येतं आणि कमी दिसतं, त्यांनी टेबलावर पर्स ठेवली.

एक्सरे निघाला. डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरून किती वेळ पाहिला. मग म्हणाले की नक्की काही सांगता येत नाही. शिंगही असू शकेल. मग घाईघाईने म्हणाले, प्लॅस्टिकही असू शकेल.

दादा, हा माणूस किडलेला दात बाहेरून गाल पाहून ओळखतो. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना हे भांडण मिटायला नको आहे असं मला वाटलं. पण त्यांच्यासारखा मऊ माणूस, इंजेक्शन देतानाही सुईच्या वतीने माफी मागणारा, त्याला भांडण हवंय कशाला?

टेबल पुन्हा घरी आलं आहे. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर अडकलं होतं, तिथे चौघांनी टेबलावरच चहा घेतला.

लोभ ठेवशील, आणि पुढचं पत्र हाताने लिहिशील.

चिमी


ता. ९ मार्च

चि. सौ. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

एक्सरे मान्य नाही. त्यात मुठीवरची वेलबुट्टी दिसत नाही, आणि जे यंत्र वेलबुट्टी पाहू शकत नाही त्याच्या मताला मी किंमत देत नाही.

मी येणार नाही. तुम्ही नवीन टेबल घ्यावं किंवा मंडळ बंद करावं. तुझ्या दवाखान्याच्या वरातीचं वाचून लेक हसली, जावई हसले. मीही हसलो असतो.

हाताने लिहायला सवड नाही.

दादा


ता. १६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा माझी दाढ दुखायला लागली. खरं सांगायचं तर दुखत नव्हती, पण डॉक्टरांना एकटं गाठायला दुसरा रस्ता नव्हता. खुर्चीवर बसले आणि तोंड उघडायच्या आत विचारून टाकलं की तुमचं आणि दादाचं खरं काय आहे. त्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी माझ्या तोंडात आरसा, कापूस आणि ती पाणी ओढणारी नळी घातली. मला बोलता येणार नाही याची खात्री झाल्यावर ते बोलायला लागले.

त्या रविवारी ते तुझ्या समोर बसले होते. खाचेत नख घालून तू पातं उघडलंस ते तिसऱ्या खेपेला, बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग सगळ्यांनी चाकू पाहून झाला, तू मिटवायला हात पुढे केलास आणि तुझा अंगठा थरथरायला लागला. तू हात टेबलाखाली नेलास. दुसरा हातही नेलास. तुझ्या तोंडावरचा रंग उडाला असं ते म्हणाले, आणि बैठक संपत आली होती, सगळे तुझ्याकडे बघायलाच लागणार होते. तेव्हा त्यांना जे पहिलं सुचलं ते ते बोलून गेले. मूठ प्लॅस्टिकची आहे. तुला रागावून उठून जाता यावं म्हणून.

हे सांगताना ते माझ्या खालच्या दाढेकडे बघत होते. मला खूप काही म्हणायचं होतं, आणि नळी नुसती खुरखुर करत होती. मी कोणाला सांगू नये असं त्यांनी सांगितलं. मी मान हलवली, पण तोंड उघडं असताना हलवलेली मान मी धरत नाही.

तुझं टाइप केलेलं पत्र आलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी बँकेचा विनोद करत बसले.

दादा, मला टेबल नको. कापड मी जमिनीवर कापेन. तू इथे ये. चाकू मिटतो की नाही ते मला महत्त्वाचं नाही. मला तू त्या खुर्चीवर बसलेला हवा आहेस.

चिमी


ता. २८ मार्च

चि. सौ. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

हाताने लिहितो आहे. ओळी कशा चढल्या-उतरल्या आहेत ते पाहा. एके काळी मी पट्टी न लावता चाळीस फुटांची रेघ ओढायचो. हे एवढं पत्र लिहायला तीन दिवस लागले.

गेल्या पावसाळ्यात सुरू झालं. आधी ब्रश हलायला लागला. मग शर्टाची बटणं. मी सगळ्यांना सांगितलं की आता पाट्यांचं काम छापील झालंय, म्हणून सोडलं. चाकू द्यायला काढला तोही त्याचमुळे. ज्याला उघडता येतं त्याच्या खिशात तो असावा असं मनात आलं. उघडण्याची मी आठ दिवस तालीम केली होती. मिटवण्याची करायची राहिली.

डॉक्टरांचा त्या क्षणी इतका राग आला की मला वाटलं तो खराच आहे. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की त्यांनी काय केलं. तरी राग धरून ठेवला, कारण तो सोडला असता तर खाली दुसरं काहीतरी होतं आणि मला ते बघायचं नव्हतं. त्यांना सांग की मूठ प्लॅस्टिकची आहे. चाकू घेतला त्याच दिवशी मला ठाऊक होतं. कारागीर घासत होता ते शिंग दुसऱ्या चाकूचं.

इथल्या व्यायामवाल्या बाई रोज रबरी चेंडू दाबायला लावतात. हात पहिल्यासारखा होणार नाही हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. रविवारी सकाळच्या बसने येतो. मी मिटवत असताना कोणी माझ्याकडे बघू नये, एवढं मंडळाला कळव. तुझ्यावर माया आहे, ती कापत्या अक्षरात वाचून घे.

दादा


ता. २० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू तिन्ही रविवारी चारच्या बसने निघून गेलास, त्यामुळे मागे काय होतं ते तुला माहीत नाही, ते कळवते.

पहिल्या रविवारी तुझ्याकडे बघायचं नाही म्हणून छत्रीवाले पंख्याकडे बघत होते, घड्याळजी हातातलं घड्याळ कानाला लावून बसले होते आणि ग्रंथपालबाई पुस्तक वाचत होत्या, उलटं. सासूबाईंना निरोप पोचला नव्हता, त्या मात्र चष्मा पुसून नीट बघत होत्या. तू चार वेळा प्रयत्न केलास आणि मग मोठ्याने म्हणालास की आज जमत नाही. इतक्या साध्या आवाजात मी तुला कधीच काही कबूल करताना ऐकलं नव्हतं. तू गेल्यावर डॉक्टर तोंड धुवायला म्हणून मोरीत गेले ते बराच वेळ आले नाहीत. ग्रंथपालबाईंनी मंडळाच्या वहीत लिहिलं: काम अपुरे, पुढील रविवारी चालू. तेव्हापासून बैठक महिन्याऐवजी दर आठवड्याला भरते, आणि याला कोणीही हरकत घेतलेली नाही.

काल पातं अर्ध्यावर येऊन थांबलं. तू खूश होऊन गेलास. मंडळी मात्र उठायला तयार नव्हती. शेवटी घड्याळजींनीच विषय काढला, की या वेगाने मे महिन्यात चाकू मिटेल आणि मग दर रविवारी जमायचं कशाला. छत्रीवाले म्हणाले की स्प्रिंग फार कडक आहे, तेल घालणं थांबवून पाहावं. सासूबाई म्हणाल्या, अर्धं मिटलेलं मिटलं असं मोजायचं नसेल तर पुढच्या वेळी परत पहिल्यापासून करावं लागेल ना. मला लाज वाटली, कारण माझ्याही मनात तेच होतं.

आज सकाळी हे न सांगता बाहेर गेले. अकराच्या सुमाराला जिन्यातून धडपड ऐकू आली. पाहते तर दोन माणसं आणि मागे हे, एक जेवणाचं नवीन टेबल चढवताहेत. सहा माणसांचं. आत ठेवल्यावर स्वयंपाकघरात जायला आता अंग तिरकं करावं लागतं. मी विचारलं की एका महिन्याच्या कामाला एवढं मोठं टेबल कशाला. ते कपाळ पुसत म्हणाले की कोणाला घाई आहे.

तेव्हा दादा, सावकाश.

तुझी,
चिमी